मेडिकलमध्ये डी.फार्मचे प्रशिक्षणार्थी घेतले तर काम हलकं होतं की वाढतं?

प्रश्न असा आहे: तालुक्याच्या गावातलं मेडिकल, नोंदणीकृत फार्मासिस्ट एकच आणि तो म्हणजे स्वतः मालक, हाताखाली दोन मदतनीस. जवळच्या कॉलेजनं डी.फार्मचे (फार्मसीच्या पदविकेचे) दोन विद्यार्थी प्रॅक्टिकल ट्रेनिंगसाठी पाठवू का म्हणून विचारलंय. घेतले तर काउंटरचा वेग वाढेल की उलट मंदावेल?

पहिले दोन-तीन आठवडे मंदावेल, हे धरूनच चाला. पुढे भरपाई होते, पण ती काउंटरवर शोधाल तर दिसणार नाही. ती एक्सपायरीच्या नुकसानीत, स्टॉकच्या मेळात आणि शॉर्टबुकात (संपत आलेल्या औषधांच्या वहीत) दिसते. विद्यार्थी तीन महिने पूर्ण टिकले तरच हिशेब तुमच्या बाजूनं झुकतो. महिन्याभरात गेले तर तुम्ही फुकट शिकवणी घेतली, एवढंच.

आधी नियमांची चौकट पाहू, कारण वेळेचा हिशेब तिच्यावरच बसतो. डी.फार्मच्या विद्यार्थ्याला किमान 500 तास प्रॅक्टिकल ट्रेनिंग करावं लागतं, तेही तीन महिन्यांपेक्षा कमी काळात उरकता येत नाही. त्यातले किमान 250 तास प्रत्यक्ष चिठ्ठीवरची औषधं देण्याच्या कामात जायला हवेत. एक नोंदणीकृत फार्मासिस्ट असेल तर जास्तीत जास्त दोन विद्यार्थी घेता येतात, पुढच्या प्रत्येक फार्मासिस्टमागे आणखी एक. म्हणजे तुमच्याकडे दोन ही मर्यादाच आहे. महिन्याचे 26 दिवस धरले तर तीन महिन्यांत 78 दिवस, रोजचे साधारण साडेसहा तास. निम्मा वेळ काउंटरच्या कामाला, निम्मा मागच्या. विद्यार्थ्याला तीनही महिने नुसता माल लावायला बसवायचं हा विचार असेल तर तो नियमातही बसत नाही आणि त्याच्या शिक्षणाशीही प्रामाणिक नाही.

आता तासांचा हिशेब. आकडे तुमच्या दुकानाप्रमाणे बदला, पद्धत हीच ठेवा. समजा पहिले दोन आठवडे, म्हणजे 12 दिवस, फार्मासिस्टचा रोज एक तास एका विद्यार्थ्यावर जातो: 12 तास. पुढचे चार आठवडे रोज अर्धा तास: आणखी 12. उरलेले 42 दिवस रोज पाव तास: साडेदहा. एकूण साडेचौतीस तास. दुसऱ्या बाजूला, तिसऱ्या आठवड्यापासून विद्यार्थी रोज तीन तास मागचं काम करतो. नवख्याचा वेग आणि तपासणी धरून ते निम्मंच मोजा. 66 दिवसांचे 198 तास, त्याचे निम्मे 99. फार्मासिस्टच्या तासाची किंमत मदतनिसाच्या दुप्पट धरली तर खर्च 69, जमा 99. फायदा आहे, पण बेताचाच.

या हिशेबातून दोन गोष्टी निघतात. दुसरा विद्यार्थी घेतल्यावर खर्च दुप्पट होत नाही, कारण समजावून सांगायचं ते दोघांना एकदमच सांगता येतं. दीडपट धरला तर 104 विरुद्ध 198 असं गणित येतं. म्हणून घ्यायचे तर दोघे घ्या, एकट्याला घेण्यात फारसं परवडत नाही. आणि चौथ्या आठवड्याच्या शेवटी हाच हिशेब मांडला तर एका विद्यार्थ्यामागे फार्मासिस्टचे 18 तास, म्हणजे 36 खर्च, आणि जमा फक्त 18. बी.फार्मचे (पदवीचे) विद्यार्थी 150 तासांसाठी, चार आठवड्यांकरता येतात. ते याच खड्ड्यात बसतात. त्यांना घेऊ नका असं म्हणणं नाही, पण त्यांच्याकडून काम निघेल ही अपेक्षा ठेवू नका.

या गणितात न दिसणारा खर्च मात्र सगळ्यात मोठा असतो: फार्मासिस्टचं लक्ष तुटणं. चिठ्ठी वाचताना मध्येच कुणी "सर, हे कुठे ठेवू?" विचारलं की उत्तर द्यायला दहा सेकंद लागतात, पण चिठ्ठी पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचावी लागते. ती तशी वाचली नाही तर चूक तिथेच होते. म्हणून पहिल्या दिवशी प्रत्येकाच्या हातात एक वही द्या. सगळे प्रश्न वहीत लिहायचे, दुपारी दोन ते चारच्या मंद वेळेत एकदा आणि रात्री शटर ओढण्याआधी एकदा ते निकाली काढायचे. याला अपवाद एकच, आणि तो कडक: हातात असलेल्या औषधाबद्दल जराही शंका असेल तर समोर कितीही गर्दी असो, तिथल्या तिथे विचारायचं. हा अपवाद स्पष्ट सांगितला नाही तर शहाणं पोर वहीत लिहून ठेवतं आणि औषध गिऱ्हाइकाच्या पिशवीत जातं.

काउंटरवर त्यांना उभं कुठे करायचं? बहुतेक ठिकाणी चूक इथेच होते. संध्याकाळी साडेसहा ते नऊच्या गर्दीत विद्यार्थ्याला थेट गिऱ्हाइकासमोर उभं करतात, तो अडखळतो, मालक हातातलं सोडून त्याच्या मदतीला धावतो, आणि एकाच्या जागी दोघे अडकतात. त्यापेक्षा त्याला दुसऱ्या जागी ठेवा. फार्मासिस्ट चिठ्ठी वाचतो आणि काय काढायचं ते सांगतो. विद्यार्थी रॅकमधून औषध काढून ट्रेमध्ये चिठ्ठीसोबत ठेवतो. फार्मासिस्ट ट्रे बघतो: नाव, ताकद, प्रकार, नग, एक्सपायरी. त्यानंतर बिल. एका ट्रेमध्ये एकच चिठ्ठी, आणि तपासणी होईपर्यंत स्ट्रिपला कात्री लावायची नाही. कापलेली चुकीची स्ट्रिप परत जागेवर ठेवली की ती सुट्या गोळ्यांच्या डब्यात कायमची पडून राहते.

कात्रीवरून आठवलं, हे पहिल्या दिवशीच शिकवा: बॅच आणि एक्सपायरी ज्या टोकाला छापलेली असते ते टोक शेवटपर्यंत दुकानात राहिलं पाहिजे. गोळ्या दुसऱ्या टोकाकडून कापायच्या, आणि गिऱ्हाइकाच्या पाकिटावर नाव आणि एक्सपायरी लिहायची. नवखा हमखास उलटं करतो, कारण छापील टोक वर असतं. आठवड्याभरात डब्यात नाव-गाव नसलेल्या चार-चार गोळ्यांचे तुकडे जमतात आणि ते सगळे फेकावे लागतात.

चिठ्ठी स्वतः वाचायला द्यायची ती तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून, आणि दुपारच्या वेळेत. तोवर आजाराची नाही, नावांच्या गफलतीची उजळणी घ्या. टेल्मा 40, टेल्मा एच आणि टेल्मा एएम हे तीन वेगळे पदार्थ आहेत; पहिल्यात नुसतं टेल्मिसार्टन, दुसऱ्यात जोडीला हायड्रोक्लोरोथायझाइड, तिसऱ्यात अ‍ॅम्लोडिपिन. ग्लायकोमेट 500, ग्लायकोमेट एसआर आणि ग्लायकोमेट जीपी यांतही अशीच गफलत होते; पहिल्या दोन्हींत मेटफॉर्मिनच, पण एसआर हळूहळू सुटणारं, आणि जीपीत जोडीला ग्लिमेपिराइड. गिऱ्हाईक रिकामी स्ट्रिप दाखवून "हीच द्या" म्हणतं, स्ट्रिपवरचं शेवटचं अक्षर नेमकं फाटलेलं असतं, आणि पोर मोठ्या अक्षरातलं नाव वाचून पहिली दिसेल ती काढतं. अशा वेळी मागचं बिल काढून बघायचं, अंदाज करायचा नाही. थायरॉइडच्या गोळ्यांत 25, 50, 75, 88, 100, 112, 125 मायक्रोग्रॅम अशा ताकदी एकाच रांगेत, एकसारख्या बाटल्यांत असतात. त्या रांगेला सरळ वेगळा खण द्या आणि पुढच्या पट्टीवर आकडा ठळक लिहा.

दोन ठिकाणी मात्र नुसती ट्रेची तपासणी पुरत नाही, विद्यार्थ्याला कारण समजलेलं असावं लागतं. पहिलं, लहान मुलांचं पॅरासिटामॉल. सिरपमध्ये 5 मिलिलीटरला 120 किंवा 125 मिलिग्रॅम, जास्त ताकदीच्या सिरपमध्ये 5 मिलिलीटरला 250, आणि ड्रॉप्समध्ये एका मिलिलीटरलाच 100 मिलिग्रॅम. डॉक्टरांनी सिरप धरून "5 मिली" लिहिलंय आणि दुकानातून ड्रॉप्सची बाटली गेली, तर आठ किलोच्या बाळाला 120 च्या जागी 500 मिलिग्रॅम जातं, चौपटीहून जास्त. नावं सारखी, खोकी सारखी, आणि "ड्रॉप्स" हा शब्द बारीक. विद्यार्थ्याला एकदा हा गुणाकार स्वतःच्या हातानं करू द्या, मग तो आपोआप थांबतो.

दुसरं, इन्सुलिन. व्हायलमध्ये (इन्सुलिनच्या बाटलीत) बहुधा एका मिलिलीटरला 40 युनिट, कार्ट्रिज आणि पेनमध्ये 100. 40 ची सिरिंज लाल टोपीची, 100 ची केशरी. शंभरचं इन्सुलिन चाळीसच्या सिरिंजनं त्याच आकड्यापर्यंत भरलं की डोस अडीचपट होतो. सिरिंज मागायला आलेल्या माणसाला "व्हायलवर किती लिहिलंय?" हे विचारल्याशिवाय सिरिंज द्यायची नाही. हा प्रश्न विद्यार्थी फार्मासिस्टपेक्षा जास्त नेमानं विचारतात, कारण त्यांना अजून घाईची सवय लागलेली नसते.

ड्राय सिरप तयार करणं हे काम दुसऱ्या आठवड्यापासून त्यांच्याकडे सोपवता येतं. बाटली आधी हलवून पावडर मोकळी करायची, उकळून थंड केलेलं पाणी निम्म्यापर्यंत घालून हलवायचं, मग खुणेपर्यंत भरून पुन्हा हलवायचं. पाणी एकदम भरलं की तळाशी गोळा राहतो आणि पहिले डोस पातळ, शेवटचे घट्ट जातात. बाटलीवर तयार केल्याची तारीख लिहायची, आणि किती दिवसांत संपवायचं व फ्रिजमध्ये ठेवायचं का, ते त्या बाटलीच्या लेबलवरून आईला सांगायचं.

आता मागचं काम, जिथे खरी कमाई आहे. इनवर्डपासून (आलेला माल सॉफ्टवेअरमध्ये चढवण्यापासून) सुरुवात करू नका, जरी सगळे तिथूनच करतात. होलसेलरचं बिल सॉफ्टवेअरमध्ये चढवताना झालेली चूक दोन महिन्यांनी उगवते. बॅचमध्ये शून्य की ओ, एक की आय, ही गफलत झाली की माल परत करताना बॅच जुळत नाही आणि क्रेडिट नोट (परत केलेल्या मालाची वजावट) अडते. एक्सपायरीचं वर्ष चुकलं की नीअर-एक्सपायरीच्या यादीत ते औषध येतच नाही. सगळ्यात महाग चूक पॅकिंगची: 15 गोळ्यांची स्ट्रिप 10 ची म्हणून चढवली की प्रत्येक सुट्या गोळीचा दर दीडपट लागतो, आणि ते पहिल्यांदा गिऱ्हाईकच पकडतं. 10+1 च्या स्कीममधला फुकट नग खरेदीत धरला नाही की रॅकमधला माल सॉफ्टवेअरपेक्षा कायम एकानं जास्त निघतो. त्यामुळे पहिला महिना विद्यार्थ्यानं फक्त बिल आणि माल यांचा मेळ घालायचा, टिकमार्क करायची. एंट्री दुसऱ्या महिन्यापासून, आणि रोज दहा ओळी तुम्ही स्वतः तपासायच्या.

सुरुवात करायची ती खण मोजण्यापासून. रोज एक रॅक ठरवून द्या. एकानं बॅच, एक्सपायरी आणि नग वाचायचे, दुसऱ्यानं सॉफ्टवेअरच्या यादीवर खूण करायची, तासाभरानं जागा बदलायच्या. फरक दिसला की लगेच दुरुस्त करू देऊ नका, वेगळ्या कागदावर लिहायला सांगा. फरकाचं कारण शोधण्यात त्यांचं निम्मं शिक्षण आहे. तीन महिन्यांत मुदत संपलेली आणि पुढच्या तीन महिन्यांत मुदत संपणारी औषधं बाजूला निघतात. संपलेल्यांचा डबा वेगळा, त्यावर "विक्रीसाठी नाही" असं ठळक. होलसेलर एक्सपायरीचा माल किती मुदतीपर्यंत परत घेतो हे प्रत्येकाचं वेगळं असतं, ती यादी करून भिंतीवर लावायला सांगा. याच कामात विद्यार्थ्याला औषधांच्या जागा पाठ होतात, आणि मग काउंटरवर त्याचा हात आपोआप सुटतो. पहिल्या दिवसापासून गर्दीत उभं केलेल्या पोराला या जागा महिनाभर सापडत नाहीत.

मोजताना प्रत्येक औषधासमोर रॅक आणि खणाचा क्रमांक सॉफ्टवेअरमध्ये भरून घेतला तर ते काम विद्यार्थी गेल्यावरही राहतं. नवा मदतनीस आला की त्याला "ते कुठंय?" विचारावं लागत नाही.

शेड्यूल एच1 ची (चिठ्ठीवरच विकायच्या आणि वेगळी नोंद लागणाऱ्या औषधांच्या यादीची) नोंदवही हे दुसरं उपयोगी काम. सेफिक्झिम, अल्प्राझोलाम, ट्रॅमाडॉल, क्षयावरची औषधं अशांच्या विक्रीवर डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि नग लिहायचे आणि ती नोंद तीन वर्षं जपायची, हे मार्च 2014 पासून लागू आहे. गर्दीच्या दुकानात ती दोन-दोन दिवस मागे पडते आणि मग आठवून भरली जाते. विद्यार्थ्याला सांगा, बिल झालं की तिथेच नोंद. क्षयाच्या औषधांची नोंद दिसली की शासनाला कळवण्याचं बंधन 2018 पासून मेडिकलवरही आहे, ते याच वहीतून सहज सांभाळलं जातं.

फ्रिजचं तापमान दिवसातून दोनदा लिहायचं कामही द्या, 2 ते 8 अंशांच्या आत हवं. शनिवारी ती वही उघडून बघा. आठवडाभराच्या सगळ्या नोंदी एकाच पेनानं, एकाच अक्षरात आणि सगळीकडे 4.0 असतील तर त्या एकदम बसून भरल्या आहेत. रागावण्यापेक्षा थर्मामीटर कुठे लावलाय ते बघा. बहुधा तो आत मागच्या कोपऱ्यात असतो आणि वाचायला सगळं सामान काढावं लागतं. बाहेर आकडा दिसेल असा डिजिटल थर्मामीटर लावला की नोंदी खऱ्या होतात.

विद्यार्थ्यांकडून बहुतेक ठिकाणी करून घेतात पण करू नयेत अशी कामं तीन. गल्ला सांभाळणं, कारण फरक आला की संशय त्यांच्यावर जातो आणि सगळं बिघडतं. पर्यायी ब्रँड स्वतःच्या अकलेनं देणं. आणि चिठ्ठीचे फोटो स्वतःच्या मोबाइलवर घेणं. ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर येत असतील तर दुकानाचा वेगळा फोन ठेवा. घरपोच औषधं पोचवायला रोज पाठवत असाल तर तो वेळ 500 तासांत धरणं योग्य नाही, हे माझं स्पष्ट मत.

कायद्याची बाजू थोडक्यात, कारण ती वाटाघाटीची नाहीच. विद्यार्थी नोंदणीकृत फार्मासिस्ट नसतो. औषध नियमावलीतल्या नियम 65 प्रमाणे चिठ्ठीवरचं औषध फार्मासिस्टनं स्वतः किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच दिलं पाहिजे. तुम्ही दुपारी जेवायला घरी गेलात आणि दोन विद्यार्थी "तयार" आहेत म्हणून दुकान चालू राहिलं, तर औषध निरीक्षकाच्या दृष्टीनं ते फार्मासिस्टविना चाललेलं दुकान आहे. ज्याचा फार्मासिस्ट दिवसातला बराच वेळ दुकानाबाहेर असतो, त्यानं विद्यार्थी घेऊच नयेत. तिथे ना शिक्षण होतं ना काम. सहीपुरते येऊन 500 तासांचं प्रमाणपत्र नेणारेही भेटतील. त्याला नकार द्या, खाली सही तुमची असते.

रुग्णालयातल्या फार्मसीचं गणित निराळं. तिथे वॉर्डाच्या इंडेंटचं (औषधांच्या मागणीपत्राचं) काम, परत आलेल्या औषधांची छाननी, इंजेक्शनांच्या साठ्याची मोजणी असं ठरीव काम भरपूर असतं आणि फार्मासिस्टही एकाहून जास्त, त्यामुळे विद्यार्थी लवकर रुळतात. फार्म.डी.चे (फार्मसीतल्या डॉक्टर पदवीचे) इंटर्न तर वर्षभर असतात, सहा महिने जनरल मेडिसिन आणि बाकी दोन-दोन महिने तीन विभागांत. पण त्यांचं काम वॉर्डात, डॉक्टरांसोबत. त्यांना खिडकीवर औषधं द्यायला बसवणं म्हणजे त्यांचं वर्ष वाया घालवणं.

फरक पडतोय की नाही हे मोजायचं तर विद्यार्थी येण्याआधीच्या आठवड्यात चार आकडे टिपून ठेवा: संध्याकाळी सात ते आठमध्ये झालेली बिलं, आठवड्यात बदलून किंवा परत आलेली औषधं, "नाही आमच्याकडे" म्हणून परत गेलेली गिऱ्हाइकं, आणि महिन्याची एक्सपायरीची रक्कम. तेच आकडे पाचव्या आणि बाराव्या आठवड्यात पुन्हा टिपा. पाचव्या आठवड्यात पहिला आकडा पूर्वीच्या जागी आलेला असावा. तो तेव्हाही खाली असेल तर विद्यार्थी मंद आहेत असं समजण्याआधी तपासा की तुम्ही त्यांना ट्रेवरून काढून गिऱ्हाइकासमोर उभं केलंय का. दुसरा आकडा वाढला असेल तर मात्र ट्रेची तपासणी कुठेतरी सुटतेय, आणि ती फट त्याच संध्याकाळी बुजवायची.

एक वेळेची अडचण आपल्याकडची खास आहे. उन्हाळी परीक्षा आटोपली की विद्यार्थी यायला लागतात, म्हणजे त्यांचे पहिले, महागडे आठवडे नेमके पावसाळ्यातल्या ताप-जुलाबाच्या गर्दीत येतात. म्हणून कॉलेजशी बोलणं एप्रिलमध्येच करा, आणि पावसाळी माल (ओआरएस, पॅरासिटामॉल, झिंक) भरून खण लावायचं काम विद्यार्थी येण्याआधी उरकून ठेवा. गर्दी सुरू झाल्यावर आलेच, तर पहिले दोन आठवडे त्यांना दुपारी बारा ते साडेसहा बोलवा. संध्याकाळची पाळी तिसऱ्या आठवड्यापासून.